गुडघ्याचा आस, यंत्राचा आस

घरच्या व्यायामासाठी पायांचं यंत्र घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी गादी दाबून बघतो. मग रेक्झिनचा रंग, मग ‘किती किलो घेईल?’ हा प्रश्न. विक्रेता दोनशे-अडीचशे किलो असा एखादा आकडा सांगतो आणि सौदा ठरतो. यंत्राचा सगळा गुणदोष जिथे ठरतो ती जागा मात्र कुणी वाकून पाहत नाही. सीटच्या कडेला, गुडघ्याच्या शेजारी एक बोल्ट असतो आणि त्याभोवती पायाने ढकलायचा दांडा फिरतो. हा बोल्ट म्हणजे यंत्राचा आस. या प्रकरणात आपण बराच वेळ त्या आसापाशीच थांबणार आहोत, कारण स्वस्त यंत्रात पैसा वाचवला जातो तो तिथे, आणि वाचवू नये तोही तिथेच.

यंत्र कोणतं, ते आधी ठरवून घेऊ. बसून पाय सरळ करायचा तो लेग एक्स्टेन्शन, आणि पाय मागे दुमडायचा तो लेग कर्ल. हे दोन्ही व्यायाम एकाच सांगाड्यावर होतात असं जोडयंत्र घरगुती बाजारात सर्वांत जास्त दिसतं. वजनाच्या प्लेटा आपणच आणून खुंटीवर अडकवायच्या असतात. दहा ते वीस हजार रुपयांत येणारं असं यंत्र मी इथे ‘स्वस्त’ धरलं आहे. लेग प्रेस हे वेगळं प्रकरण आहे, त्याला जागाही जास्त लागते आणि पोलादही. त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जातो: ४५ अंशांच्या उतारावर सरकणाऱ्या प्रेसवर १०० किलो चढवले, तरी पायांना प्रत्यक्षात साधारण ७१ किलोच ढकलावे लागतात. त्यामुळे त्या यंत्रावरचे आकडे ऐकून कुणी दबून जाऊ नये.

आता पहिला आणि खरा प्रश्न. ज्या मुलखात तालमीत जोर-बैठकांवर पिढ्या घडल्या, तिथे पायांसाठी यंत्र हवंच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अर्धं ‘नको’ असंच आहे. मांडीच्या पुढच्या भागातल्या चार स्नायूंपैकी तीन फक्त गुडघा ओलांडतात, आणि खोल बैठकेत त्यांना भरपूर काम मिळतं. नितंबाचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायूही बैठकेने चांगले तयार होतात. पण चौथा स्नायू, रेक्टस फेमोरिस, कमरेच्या हाडापासून निघतो आणि खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडून खाली येतो. बैठकेतून उठताना खुबा आणि गुडघा एकदमच उलगडतात. त्यामुळे हा स्नायू एका टोकाला आखडतो तेव्हा दुसऱ्या टोकाला ताणला जातो, आणि त्याची लांबी फारशी बदलत नाही. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचीही तीच गत.

२०१९मध्ये जपानच्या केइतारो कुबो आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. तरुण पुरुषांकडून त्यांनी १० आठवडे खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट करून घेतले, काहींकडून पूर्ण खोल, काहींकडून अर्धे. मांडीच्या पुढचे तीन स्नायू दोन्ही गटांत वाढले. नितंब आणि आतली मांडी खोल बसणाऱ्यांची अधिक वाढली. रेक्टस फेमोरिस आणि हॅमस्ट्रिंग मात्र दोन्ही गटांत जवळजवळ होते तिथेच राहिले.

यंत्राकडून काय मागायचं ते यावरून ठरतं. बैठका तुम्ही करताच, किंवा करायला हव्यात. यंत्राने बैठकेचं उरलेलं काम करायचं आहे. म्हणून जोडयंत्र पारखताना माझा कल कर्लची बाजू आधी तपासण्याकडे असतो. दुकानात नेमकं उलटं घडतं. लोक बसतात, पाय दोन-चारदा वर करून पाहतात आणि उठतात. कर्ल करून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण त्यासाठी पालथं झोपावं लागतं किंवा रोलरची जागा बदलावी लागते. संकोच बाजूला ठेवून ते करायलाच हवं.

पाय सरळ करण्याच्या व्यायामाचा आधुनिक इतिहास युद्धकाळातल्या एका लष्करी रुग्णालयात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघ्याच्या दुखापती झालेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. तिथले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांना किशोरवयात संधिवाताचा ताप आला होता आणि त्यातून उठल्यावर त्यांनी वजनं उचलून शरीर कमावलं होतं. तोच अनुभव त्यांनी रुग्णांवर वापरला: पायात लोखंडी बूट, बुटाला वजनं, टेबलाच्या कडेला बसून पाय सरळ करायचा आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत न्यायचं. १९४५मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. आज प्रत्येक व्यायामशाळेत ऐकू येणारा ‘दहाचे तीन सेट’ हा हिशेब डिलॉर्म आणि त्यांचे सहकारी वॉटकिन्स यांच्या कामातून आला आहे.

लोखंडी बुटात एक अडचण होती, आणि ती आजच्या स्वस्त यंत्रात जशीच्या तशी आहे. खाली लोंबणाऱ्या पायाला वजन बांधलं, की सुरुवातीला ते स्नायूवर पडतच नाही, ते नुसतं लटकतं. पाय वर जाईल तसा भार वाढतो आणि पाय जमिनीला समांतर झाला की सर्वांत जास्त होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा जोर मात्र याच्या उलट चालतो. गुडघा ६०-७० अंश दुमडलेला असताना ते सर्वांत बलवान असतात आणि पाय पूर्ण सरळ होत आला की बरेच कमजोर. म्हणजे जोर असतो तेव्हा भार नाही, आणि जोर संपत आला की भार पूर्ण.

आकड्यांत पाहू. समजा, आसापासून ४० सेंटिमीटरवर रोलर आहे आणि ३० सेंटिमीटरवर प्लेटांची खुंटी. २० किलोची प्लेट अडकवली, तर पाय आडवा असताना नडगीवर १५ किलोचा भार येतो, कारण खुंटी रोलरपेक्षा आसाच्या जवळ आहे. (शेजारच्याच्या यंत्रावर चाळीस किलो आणि आपल्या यंत्रावर वीस, ही तुलना का फोल आहे, ते इथेच कळतं.) पाय आडव्याच्या ३० अंश खाली असताना भार सुमारे १३ किलो, ६० अंश खाली असताना साडेसात, आणि पाय सरळ खाली लोंबत असताना शून्य. हे झालं खुंटी आणि दांडा एकाच रेषेत असल्यास. आता कारखानदाराने खुंटीला वेगळा छोटा हात दिला आणि तो दांड्याच्या ४० अंश पुढे वेल्ड केला असं समजा. मग पाय लोंबत असतानाच साडेनऊ किलोंहून थोडा जास्त भार येतो, अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर तो १५वर पोचतो आणि शेवटी पाय सरळ होताना साडेअकरावर उतरतो. पोलाद तेवढंच, वेल्डिंग तेवढंच, खर्च तोच. फक्त कोन बदलला, आणि यंत्र स्नायूच्या स्वभावाशी जुळलं.

१९७०मध्ये आर्थर जोन्स यांनी अमेरिकेत नॉटिलस यंत्रं विकायला काढली, ती याच अडचणीच्या उत्तरावर. त्यांनी दांड्याला शंखासारख्या आकाराची चकती लावली. तिच्यावरून साखळी फिरताना आसापासूनचं तिचं अंतर बदलत जातं आणि भार स्नायूच्या जोराप्रमाणे कमीजास्त होतो. महागड्या यंत्रांत आजही ही चकती असते. स्वस्त यंत्रात ती अपेक्षित नाही, पण पुढे झुकवलेली खुंटी अपेक्षित आहे, आणि ती आहे की नाही हे बाजूला उभं राहून पाहिलं की एका नजरेत कळतं. दांडा लोंबत असताना प्लेटांची खुंटी आसाच्या बरोबर खाली असेल, तर ते म्हणजे आधुनिक रंगातला लोखंडी बूट आहे.

हा प्रश्न नुसता सोयीचा नाही, गुडघ्याच्या आरोग्याचाही आहे. बसून पाय सरळ करताना गुडघ्याच्या वाटीमागे येणारा ताण ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात तुलनेने कमी असतो आणि शेवटच्या टप्प्यात वाढतो. गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटवरची ओढही पाय सरळ होण्याच्या शेवटच्या ३०-४० अंशांतच वाढते. सरळ खुंटीचं यंत्र आपला सगळा भार तिथेच टाकतं. ज्यांच्या वाटीमागे दुखतं, किंवा ज्यांच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी ही गंभीर गोष्ट आहे. अशांनी यंत्र घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारावं आणि किती अंशांपर्यंत पाय उलगडायचा ते ठरवून घ्यावं. दांडा ठरावीक कोनाच्या पुढे जाऊ न देणारी खीळ यंत्रात असेल, तर तिच्यासाठी हजार रुपये जास्त द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही.

भाराचा हा आलेख घरी मोजताही येतो. प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. रोलरला पट्टा बांधा, पट्ट्यात हुक अडकवा, आणि पाय ज्या दिशेने ढकलेल त्या दिशेने, दांड्याला काटकोनात ओढा. खाली, मध्ये आणि वर अशा तीन जागी आकडा टिपा. आधी प्लेट न लावता मोजा. रिकाम्या दांड्याचाच भार चार-पाच किलो निघाला, तर धडधाकट तरुणाला फरक पडत नाही, पण गुडघे झिजलेल्या आईसाठी यंत्र घेत असाल, तर तिची सुरुवातच तिथून होणार आहे आणि त्याहून हलकं काही करता येणार नाही. मग प्लेट लावून पुन्हा मोजा, आणि या वेळी दोनदा: दांडा हळू वर नेताना एकदा आणि हळू खाली सोडताना एकदा. एकाच जागी या दोन आकड्यांत फरक दिसतो तो घर्षणाचा. फरक थोडा असायचाच. पण वर नेताना १४ आणि खाली सोडताना ९ असं काही दिसलं, तर आस घासतो आहे. वजन सावकाश खाली आणण्याचा जो अर्धा व्यायाम आहे, त्यातला बराचसा भार तो आसच उचलतो आहे, तुमचा स्नायू नाही.

घर्षण का होतं, ते आसाजवळ डोकं नेलं की दिसतं. सर्वांत स्वस्त रचनेत नुसता बोल्ट पाइपच्या भोकातून आरपार घातलेला असतो. बोल्टचे आटे पोलादाला घासत राहतात, काही महिन्यांत भोक लंबगोल होतं आणि दांडा डुलायला लागतो. त्याहून बरं म्हणजे भोकात नायलॉनचं किंवा पितळी बुश. योग्य मापाचं आणि पुरेशा लांबीचं बुश घरगुती वापराला वर्षानुवर्षं पुरतं. बेअरिंग असेल तर उत्तमच, पण बेअरिंगच्या नावाला भुलू नका. दोन बेअरिंगमधलं अंतर कमी असेल, तर दांडा तरीही बाजूला हलतो. यासाठी दांड्याचं खालचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचं. बोटभर हललं तर यंत्र तिथेच सोडायचं, कारण नव्या यंत्रात जेवढा खेळ आहे त्याहून तो पुढे वाढतच जाणार.

आता यंत्राचा आस आणि गुडघ्याचा आस यांच्या नात्याकडे येऊ. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटाने चाचपलं, तर मांडीच्या हाडाचा एक टणक उंचवटा लागतो. बसल्यावर हा उंचवटा यंत्राच्या बोल्टच्या समोर यायला हवा. तो दोन इंच पुढे किंवा मागे राहिला, तर नडगी एका वर्तुळात फिरते आणि दांडा दुसऱ्या. ते ओळखायची खूण सोपी आहे: पाय वर-खाली करताना रोलर नडगीवरून सरकत जातो, कातडी ओढली जाते आणि गुडघ्यात आडवा ताण जाणवतो. म्हणून पाठीची गादी पुढेमागे सरकणं ही या यंत्रातली सर्वांत मोलाची सोय आहे. स्वस्त यंत्रांचं माप बहुतेकदा उंच पुरुषाच्या मांडीचं असतं. पाच फूट उंचीची बाई त्यावर बसली, की एकतर पाठ टेकत नाही किंवा गुडघा सीटच्या कडेमागे राहतो. पाठीमागे उशी घालून काही अंशी भागतं, पण ती उशी घट्ट आणि न सरकणारी हवी. घरातली दोन-तीन माणसं एकच यंत्र वापरणार असतील, तर दुकानात सगळ्यांनी जाऊन बसून बघावं. रोलरची लांबीही सरकती हवी. तो घोट्याच्या जरा वर, नडगीच्या खालच्या भागावर यायला हवा, पावलावर नाही.

पाठीच्या गादीचा कोन बदलत असेल तर आणखी एक फायदा मिळतो. थोडं मागे रेलून पाय सरळ केला, तर खुबा उघडा राहतो आणि तो दोन सांध्यांवरचा रेक्टस फेमोरिस लांब अवस्थेत काम करतो. कर्ल करताना मात्र ताठ, किंबहुना किंचित पुढे झुकून बसणं हिताचं.

बसून की पालथं, हा कर्लच्या बाबतीतला जुना वाद आहे आणि त्याचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तर हाती आलं आहे. जपानमधलेच सुमियाकी माएओ आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये एक सुरेख रचनेचा प्रयोग प्रसिद्ध केला. २० जणांनी १२ आठवडे एका पायाने बसून कर्ल केला आणि दुसऱ्या पायाने पालथं झोपून. माणूस तोच, आहार तोच, झोप तीच, फरक फक्त खुब्याच्या कोनाचा. बसलेल्या पायाचे हॅमस्ट्रिंग स्नायू सरासरी १४ टक्के वाढले, पालथ्या पायाचे ९ टक्के. बसलं की खुबा दुमडतो आणि खुबा ओलांडणारे हॅमस्ट्रिंग वरच्या टोकाला ताणले जातात. लांब अवस्थेत केलेलं काम स्नायूला जास्त वाढवतं. म्हणून दोन यंत्रं सारख्या किमतीची असतील, तर मी बसून कर्ल होणारं घेईन.

पण इथे स्वस्त यंत्राची खरी परीक्षा आहे. बसून पाय खाली दुमडताना मांड्या वर उचलल्या जातात. त्यांना वरून दाबून धरणारी गादी हवी, आणि ती उंचीला सरकणारी आणि न लचकणारी हवी. पुष्कळ जोडयंत्रांत ही गादी एका बारीक पाइपवर एकाच खिळीने बसवलेली असते. भार वाढवला की ती वाकते, आणि मग माणूस हाताने सीट घट्ट धरून, पाठ वाकवून कसंबसं ओढतो. अशा यंत्रात बसून कर्ल फक्त कागदावर आहे. त्यापेक्षा नीट बनवलेलं पालथं यंत्र कितीतरी चांगलं, कारण तिथे शरीराचं वजनच माणसाला जागेवर धरतं. शिवाय पालथ्या कर्लमध्ये सरळ खुंटीही फारशी नडत नाही. नडगी आडवी असते तिथे भार सर्वांत जास्त आणि ती उभी होईल तसा कमी. हॅमस्ट्रिंगचा जोरही लांब असतानाच जास्त असतो. साध्या दांड्याची जी रचना एक्स्टेन्शनला मारक, तीच पालथ्या कर्लला बऱ्यापैकी मानवते.

पोलादाबद्दल विक्रेते ‘हेवी पाइप’ म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. ५० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी पाइप बाहेरून सारखाच दिसतो, पण २ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं वजन मीटरला साधारण ३ किलो भरतं आणि १.२ मिलिमीटरचा असेल तर १.८ किलो. फॅब्रिकेशनवाल्यांच्या भाषेत पहिला १४ गेज, दुसरा १८ गेज. आकडा वाढतो तशी जाडी घटते. म्हणून यंत्राचं प्लेटांशिवायचं निव्वळ वजन विचारा. तो आकडा फुगवणं कठीण जातं, कारण मालवाहतूक त्याच्यावरच ठरते. सारख्या आकाराच्या दोन यंत्रांत एक २५ किलोचं आणि दुसरं ४०चं असेल, तर फरक गाद्यांचा नसतो. ‘२०० किलो क्षमता’ ऐकलं की ती बसणाऱ्या माणसाची, प्लेटांची की दोन्ही मिळून, हेही विचारा. आसाची पट्टी जिथे सांगाड्याला जोडली आहे तिथलं वेल्डिंग चारही बाजूंनी सलग आहे का, ते बघा. चार ठिपक्यांवर जोडलेली पट्टी तिथूनच सुटते.

मग यंत्र डळमळतं का, ते. प्लेटा लावून पाय जोराने सरळ केला की हलकं यंत्र मागचे पाय उचलतं. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आहे, तिथे पावडर कोटिंगचे टवके उडालेली जागा एका पावसाळ्यात तांबडी होते. खुंटी आणि सरकत्या पाइपांना अधूनमधून तेलाचा हात फिरवावा लागतो. फ्लॅटमध्ये टाइल्सवर थेट यंत्र ठेवू नका, खाली जाड रबरी मॅट हवीच, टाइलसाठीही आणि खालच्या मजल्यावरच्या माणसांसाठीही. प्लेटांच्या भोकाचं माप आधी जुळवा: घरगुती रॉडच्या लहान भोकाच्या प्लेटा ५० मिलिमीटरच्या ऑलिंपिक खुंटीवर बसत नाहीत. आणि सव्वा किलोच्या दोन प्लेटा जरूर घ्या. या व्यायामात एकदम पाच किलोंची उडी फार मोठी ठरते.

जुनं यंत्र मिळत असेल, तर मी नव्या स्वस्त यंत्राआधी ते बघेन. बंद झालेल्या व्यायामशाळांची यंत्रं मेरठ-जालंधरकडच्या किंवा इथल्याच कारखान्यांत जाड पाइपची बनलेली असतात. त्यांचं रेक्झिन फाटलेलं असतं, फोम बसलेला असतो आणि लोक तेवढं पाहून परत फिरतात. रेक्झिन आणि फोम कुठलाही सोफा दुरुस्त करणारा दिवसभरात बदलून देतो. बुश झिजलं असेल तर लेथवाला नवं काढून देतो. वाकलेला सांगाडा आणि तडकलेलं वेल्डिंग मात्र घेऊ नये.

आणि एवढं बघून मनासारखं काहीच सापडलं नाही, तर पैसे खिशात राहू द्यावेत. हॅमस्ट्रिंगसाठी गुळगुळीत फरशीवर उताणं झोपून, टाचांखाली फडकं घेऊन, कंबर उचलून टाचा आत ओढायच्या आणि सावकाश लांब सोडायच्या. हे जमायला लागलं की गुडघ्यांवर उभं राहायचं, घोटे कुणाला तरी धरायला लावायचे आणि धड सरळ ठेवून पुढे हळूहळू झुकायचं. बहुतेकांना पहिल्या आठवड्यात त्याचे पाचसुद्धा नीट जमत नाहीत. रेक्टस फेमोरिससाठी गुडघ्यांवर उभं राहून मांडी आणि धड एका रेषेत ठेवत मागे झुकायचं, जेवढं सावरता येईल तेवढंच, आणि परत यायचं. गुडघ्याखाली घडी केलेली सतरंजी घ्यावी.